हातभर उचला, आठ मोजा

मंगळवार, ७ फेब्रुवारी

काल दुपारी साडेचारला मीठपुलावर अपघात झाला. शिफ्ट लूसची होती, माझी नव्हती. हे आधी लिहून ठेवतो.

वाळूची बोट येत होती. लूसने रस्त्यावरचे दिवे लाल केले, घंटा वाजवली, दोन्हीकडची फाटकं पाडली, स्क्रीनवर पाहिलं आणि पूल उचलला. पुलावर एक म्हातारा होता. कुत्र्याचा पट्टा कठड्यात अडकला म्हणून वाकून सोडवत होता. त्याला ऐकू कमी येतं, घंटा त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. पूल उभा राहायला लागला तसा त्याने कठडा धरला. मग हात सुटला आणि घसरत येऊन खाली आदळला. खुबा मोडला, मनगट मोडलं. कुत्रा धडधाकट आहे. म्हाताऱ्याचं नाव ऑस्टरलिंग, वय बाहत्तर. मासळीबाजारामागची बेकरी त्याची होती.

आम्ही सहा जण आळीपाळीने नऊ पूल सांभाळतो, गावाबाहेरच्या एका खोलीत स्क्रीनसमोर बसून. पूर्वी प्रत्येक पुलावर एक खोपटं असायचं आणि खोपट्यात माणूस. मीठपुलाच्या खोपट्यात मी चौदा वर्षं काढली. आता तिथे कॉफी मिळते.

माझ्या हातून हे झालं नसतं. मी पूल हातभर उचलतो, थांबतो, मनात आठ मोजतो आणि मग पुढे नेतो. नियमात हे बसत नाही. आमच्यातला फोपे मला गोगलगाय म्हणतो. म्हणू दे. गोगलगायीने कुणाचा खुबा मोडल्याचं ऐकिवात नाही.

लूसला काम मी शिकवलं. चार महिने शेजारी बसवून. पोरगी हुशार आहे, पण घाई फार.

बुधवार, ८ फेब्रुवारी

मला वाटलं होतं, लूसकडून चाव्या काढून घेतील, खोकं हातात देतील आणि मागच्या दाराने घरी पाठवतील. तशी रीत आहे. मला ती तोंडपाठ आहे.

दहाच्या कॉफीला इल्से आली. ही आमची नवी साहेबीण, ऑक्टोबरात रुजू झालेली. उभी राहून म्हणाली, "चूक कुणाची हे मी विचारणार नाहीये. मला तीनच गोष्टी कळायला हव्यात. कुणाला दुखापत झाली? त्यांना कशाची गरज आहे? आणि ती गरज भागवणं कुणाचं काम आहे?"

फोपे म्हणाला, "दुखापत तर ऑस्टरलिंगकाकांना झाली."

"त्यांना झालीच. आणि लूसला?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी बिस्किट बुडवलं, ते तुटून कपात पडलं.

लूस घरी आहे, पूर्ण पगारी. फोपेने रोज तिच्याकडे जाऊन यायचं ठरलं. एकटीला ठेवायचं नाही म्हणे. एकटं राहिल्याने माणूस मरत नाही. मी अकरा महिने राहिलो होतो.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

सकाळी अकराला तंत्रज्ञ येऊन मीठपुलाचे तिन्ही कॅमेरे तपासून गेला. आभाळ भरलेलं होतं. चित्र स्वच्छ, सगळं ठीक, असा शेरा मारला. आमचे कॅमेरे चित्र साठवून ठेवत नाहीत, रस्त्यावरच्या लोकांचा खासगीपणा जपायचा म्हणून. त्यामुळे सोमवारी लूसला काय दिसलं ते आता लूसलाच ठाऊक.

सकाळी अकराला येऊन काय कळणार म्हणा.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

कॉफीच्या टेबलावर लूससाठी फुलं आणि एक कार्ड ठेवलं होतं. केवढं मोठं! सगळ्यांनी सह्या केल्या, वर दोन-दोन ओळी लिहिल्या. स्वच्छता करणाऱ्या बाईने बदामाच्या फुलांचं चित्र काढलं. मी नुसतं 'रूलोफ' लिहिलं. फोपेने वाचलं आणि म्हणाला, "अरे, वीज खात्याच्या पावतीवर सही केल्यासारखी काय करतोस? चार शब्द लिही की!"

मी 'लवकर बरी हो' लिहिलं. मग लक्षात आलं की ती आजारी नाहीच.

घरी आलो तर मिनेके मोठ्या पातेल्यात वाटाण्याचं सूप ढवळत होती. आपण दोघंच, एवढं कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "लूसला नेऊन देणार आहे. त्या पोरीच्या पोटात काही जात नाही म्हणे."

माझं डोकंच फिरलं. माझी बायको, माझ्या घरचा वाटाणा, मी आणलेलं सॉसेज!

"मला आणलं होतं कुणी सूप?" मी म्हणालो.

मिनेकेने पळी तशीच धरून ठेवली. "नाही आणलं. म्हणून आता तिनेही उपाशी राहायचं का?"

सूप चांगलंच दाट झालं होतं, चमचा उभा राहील असं. मी दोन वाडगे घेतले, उगाच. उरलं ते घेऊन ती गेली.

मला हेवा वाटत नाही. फक्त एक गोष्ट एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरी का, एवढंच विचारतोय.

सोमवार, १३ फेब्रुवारी

आज जे ऐकलं ते घशाखाली उतरत नाही.

लूस ऑस्टरलिंगला भेटायला इस्पितळात गेली होती. इल्सेने आधी त्याला विचारलं, त्याने हो म्हटलं, मग ही तिला घेऊन गेली. फोपे डोळे पुसत सांगत होता. लूस खाटेशी बसली आणि म्हणाली, मी त्या दिवशी बटण दाबलं, मला माफ करा. आणि म्हाताऱ्याने चांगला हात पुढे करून तिचा हात धरला. पाऊण तास बसली होती तिथे. निघताना त्याने विचारलं, तुझी झोप होते का ग नीट?

सूप घेऊ दे, फुलं घेऊ दे, कार्ड घेऊ दे. पण हे! हे तिला कसं मिळतं? एका आठवड्यात? मागितलं आणि मिळालं?

मला फुलांचा राग नव्हता हे आज कळलं. मला ह्याचा राग आहे. हेवाच आहे, लिहून टाकतो. आतून जळतंय नुसतं.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

बारा वर्षांपूर्वीचं हे. चौकशी संपल्यापासून पानावर आणलं नाही. आज आणतो.

तेव्हा मी खोपट्यात होतो. जुलै महिना. सकाळी एक शिडाची होडी गेली, नवराबायको. पूल उचलला की आम्ही गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट खाली सोडायचो आणि होडीवाले त्यात पुलाचं नाणं टाकायचे. त्या बाईने नाण्याबरोबर दोन पेअर टाकले. हसून म्हणाली, "आमच्या झाडाचे आहेत. एक आत्ता खा, एक आम्ही परत येऊ तेव्हा."

संध्याकाळी परत आली होडी. अर्ध्यात त्यांचं इंजिन बंद पडलं. खिडकीतून मला होडीचा पुढचा भागच दिसत होता, मागचा नाही. गेली असं समजून मी पूल खाली आणायला घेतला. डोलकाठी मोडून बाईच्या खांद्यावर आली.

मी पळत खाली गेलो. मीच फोन केला. रात्री बसून रिपोर्टही मीच लिहिला, जसं घडलं तसं, एक शब्द न लपवता. मला मागचा भाग दिसत नव्हता, तरी मी खाली आणला, असं लिहिलं. पुढे प्रत्येक चौकशीत तेच वाक्य माझ्यासमोर धरलं. "तुम्हीच कबूल केलंय ना?" असं तेव्हाचे आमचे बेरेंड्ससाहेब म्हणाले. चाव्या घेतल्या. अकरा महिने घरी. पत्रात लिहिलं होतं की सहकाऱ्यांशी संपर्क ठेवू नये. आणि जखमी बाईंशी तर मुळीच नाही, भेट, पत्र, फोन काही नाही. वकील म्हणाला, माफी मागितलीस तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल. रोज वहीत लिहून ठेव, उपयोगी पडेल. उपयोग काही झाला नाही, सवय राहिली.

बाईचं नाव दे ग्राफ. दुसरा पेअर खिडकीत होता. चाव्या देताना तो तिथेच राहिला.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

लूस कामावर आली होती, नुसती बसायला. सगळे तिच्याभोवती, जशी काही माहेरवाशीण. फोपेने तिच्यासाठी सफरचंदाचा केक आणला. मलाही तुकडा दिला, कडेचा.

मग ती माझ्या शेजारी येऊन बसली. वाळली आहे. म्हणाली, "रूलोफ, मी बघितलं होतं रे. शप्पथ. मला पूल रिकामा दिसला. तंत्रज्ञ म्हणतो कॅमेरा ठीक आहे. म्हणजे माझीच नजर चुकली. मला वाटलं की मी बघितलं, आणि बघितलंच नाही."

"होतं असं," मी म्हणालो.

"तुझ्या हातून नसतं झालं. तू थांबतोस ना मध्ये. तुझी सवय मी उचलायला हवी होती."

समोर स्क्रीनवर भाजीपुलाखालून होडी जात होती. मी तिकडेच पाहत राहिलो. शिकत होती तेव्हा दोनदा विचारलं होतं तिने, तू इथे का थांबतोस. मी म्हणालो होतो, "सवय आहे. म्हातारा झालोय." ती हसली होती.

शनिवार, १८ फेब्रुवारी

माळ्यावर सायकलचा पंप शोधायला गेलो होतो. पंप मिळाला नाही. सव्वा वर्षापूर्वीची वही मिळाली. सहज चाळली. एक नोंद अशी:

'गुरुवार, १८ नोव्हेंबर. दुपारी साडेतीन. मीठपूल. ऊन खाली आलेलं, दुसरा कॅमेरा पांढराफटक. दिव्याच्या खांबामागची जागा दिसतच नाही. रिकामा समजून उचलला. हातभर वर गेला आणि खांबामागून सायकलवाली मुलगी ओरडत पळाली. थांबवला. वाचली. ती निघून गेली, मी खाली आणला. कुणाला सांगितलं नाही. सांगणार नाही. यापुढे हातभर उचलायचा, आठ मोजायचे. कुणी असेल तर पळेल, दिसेल.'

मिनेके शिडीखालून म्हणाली, "पंप खालीच आहे, दारामागे. एवढा वेळ काय करतोयस?"

रविवार, १९ फेब्रुवारी

काल रात्रभर जे मनात आलं ते लिहितो, चांगलं असो वा वाईट.

मी सांगितलं तर काय होईल? लूस धुतल्या तांदळासारखी निघेल. तिला अजून फुलं, अजून सूप. आणि ज्याला ठाऊक होतं तो मी. मला पुन्हा मागचं दार. एकोणसाठ वर्षांचा आहे मी, अकरा महिने आता काढवणार नाहीत. तिला सगळ्यांनी ओंजळीत धरलंय, आणि त्या ओंजळीत मी माझंही पाणी ओतायचं? का म्हणून?

आणि शेवटी कॅमेरा तपासणं हे काय माझं काम आहे? तंत्रज्ञाने दुपारी यायला हवं होतं.

मिनेके चर्चमधून आली. मी तिला वही दाखवली. का दाखवली, सांगता येत नाही. तिने नोंद वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "तू सुंभ जाळलास, पीळ मात्र जपून ठेवलास."

मग जेवायला वाढलं. बटाटे खारट झाले होते.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

लूसने राजीनामा दिला. इल्सेने तो खणात ठेवलाय. म्हणाली, गुरुवारी ऑस्टरलिंगबरोबर बैठक आहे, तोपर्यंत थांब, मग तुला जे ठरवायचं ते ठरव. फोपे सांगत होता, पोरगी म्हणते, ज्या माणसाला आपल्या डोळ्यांचा भरवसा नाही त्याने पुलावर काय, सायकलवरही बसू नये. सायकल खरंच विकायला काढली आहे.

मनात पहिला विचार आला तो असा: जाऊ दे. तिला तरी कळेल, घरी बसणं काय असतं.

हा विचार मी केला. खोडत नाही.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

बैठक ऑस्टरलिंग आहे त्या शुश्रूषागृहाच्या हॉलमध्ये झाली. खुर्च्या गोल मांडलेल्या. ऑस्टरलिंग चाकाच्या खुर्चीत, पायाशी त्याचा कुत्रा मोस. त्याची मुलगी, लूस, इल्से, फोपे, तंत्रज्ञ, आणि मी, लूसला शिकवलं म्हणून. इल्सेने केक आणला होता. ऑस्टरलिंगने एक घास खाल्ला आणि बशी बाजूला ठेवली. "विकतचा," म्हणाला. "लोणी कुठेय ह्यात?" सगळे हसले. मला माणूस आवडला आणि तेच नको होतं.

इल्से म्हणाली, आधी ऑस्टरलिंगसाहेब बोलतील.

"मला कुणाला शिक्षा झालेली नको," तो म्हणाला. "मला पुन्हा चालायचंय आणि मोसला फिरवायचंय. पण एक गोष्ट मला कळत नाही आणि ती डोक्यातून जात नाही. मी तिथे उभा होतो. लाल कोट घातला होता. मोस भुंकत होता. एवढा मोठा माणूस, लाल कोटातला. दिसलो कसा नाही मी?"

लूस म्हणाली, "मी नीट बघितलं नाही. दुसरं काही कारण नाही. मी किती वेळा आठवलं, पण मला पूल रिकामाच दिसतो. म्हणजे मी बघितलंच नव्हतं."

म्हाताऱ्याने मान हलवली, पण पटलं नव्हतं त्याला. बेकरीवाला आहे. भट्टी का विझली हे कळल्याशिवाय तो माणूस घरी जाणार नाही. इल्सेने विचारलं, आणखी कुणाला काही बोलायचंय का?

वही कोटाच्या खिशात होती. ती मी सकाळी ठेवली, मिनेकेने नाही. हे लिहून ठेवतो.

"तिने बघितलं," मी म्हणालो. "बघितलं तरी तिथे माणूस दिसत नाही."

आणि अठरा नोव्हेंबरची नोंद वाचली. 'कुणाला सांगितलं नाही, सांगणार नाही' हेसुद्धा, शेवटपर्यंत सगळी.

लूस उभी राहिली. "मी तुला विचारलं होतं."

"हो."

"दोनदा विचारलं होतं मी तुला!"

"हो."

"सतरा दिवस मी स्वतःच्या डोळ्यांना शिव्या देतेय, आणि तू माझ्या शेजारी बसून केक खाल्लास!"

ती बाहेर गेली. कुणी अडवलं नाही. मोस तिच्या मागोमाग गेला.

ऑस्टरलिंग माझ्याकडे पाहत होता. "म्हणजे पंधरा महिने तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"मग माझा खुबा पंधरा महिन्यांपूर्वीच मोडला होता म्हणायचा," तो म्हणाला. ह्या वेळी कुणी हसलं नाही.

मी त्याची माफी मागितली. कशी मागितली ते आठवत नाही. त्याने हात पुढे केला नाही. "ऐकलं," एवढंच म्हणाला. मला तेवढंही पुष्कळ होतं, पण लूसला त्याने हात दिला होता हे त्या क्षणीही माझ्या मनात आलंच. असा आहे मी.

मी उठायला लागलो. चाव्या काढून हातात घेतल्या होत्या. इल्सेने विचारलं, "कुठे चाललास?"

"घरी."

"बस, रूलोफ. तेव्हा तू का सांगितलं नाहीस?"

"कारण त्याच्या आधीच्या वेळी मी सगळं सांगितलं होतं."

मग बोलावं लागलं. होडी, पेअर, रिपोर्ट, पत्र. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणी मध्ये न बोलता ऐकलं. फोपे खाली मान घालून बसला होता. माझं झाल्यावर म्हणाला, "आम्हालाही पत्र आलं होतं रे. रूलोफशी बोलू नका म्हणून. बायको म्हणाली, कागदाला काय भितोस, जा. मी दोनदा तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो आणि मागे फिरलो."

मला वाटत होतं, पत्र फक्त मला आलं होतं.

इल्से म्हणाली, "तुलाही तेच विचारते. तुला कशाची गरज होती? आत्ता आहे?"

हा प्रश्न तिने लूसबद्दल विचारला तेव्हा बिस्किट कपात पडेपर्यंत मी जळत होतो. आता तो माझ्याकडे आला. म्हणालो, "दे ग्राफबाईंचा पत्ता."

शनिवार, २५ फेब्रुवारी

घरी पाठवलं नाही. चाव्या माझ्याकडेच आहेत. काल दुपारी साडेतीनला, उन्हात, तंत्रज्ञाला शेजारी बसवून दुसरा कॅमेरा दाखवला. "अरे देवा," म्हणाला. नऊपैकी चार पुलांवर तसंच निघालं. प्रत्येकाने आपापली युक्ती काढून ठेवली होती आणि कुणी कुणाला सांगितलेली नव्हती. फोपे मान वाकडी करून स्क्रीनवर हाताची सावली धरतो. मला वाटायचं, त्याची मान दुखते.

दाराशी कुणीतरी सूप ठेवून गेलं होतं, झाकण लावून. चिठ्ठी नव्हती. फोपेच्या बायकोच्या हातचं, मिरी जास्त. मिनेकेने गरम केलं. मी खाल्लं. चव घेत खाल्लं.

मंगळवार, २८ फेब्रुवारी

लूसने राजीनामा मागे घेतला. माझ्याशी बोलत नाही. माझी शिफ्ट संपली की मी उठतो, ती खुर्ची पुसून बसते.

बरोबर आहे.

सोमवार, १३ मार्च

माझ्या पत्राला दे ग्राफ यांच्याकडून उत्तर आलं. नवऱ्याच्या अक्षरात, पाच ओळी. खांदा सहा महिन्यांत बरा झाला होता. चार वर्षांपूर्वी बाई दुसऱ्याच आजाराने गेल्या. होडी विकली. शेवटची ओळ तशीच उतरवतो: 'मीठपुलाकडून जायची वेळ आली की ती म्हणायची, त्या पूलवाल्याचं पुढे काय झालं कोण जाणे, त्याला कुणी सांगितलं असेल का की मी बरी आहे.'

नव्हतं सांगितलं कुणी.

मिनेके स्वयंपाकघरात होती. मी पत्र तिच्यासमोर ठेवलं आणि परसात जाऊन उभा राहिलो. लूसला पाऊण तास मिळाला होता. तो मला आठवला, आणि पहिल्यांदाच वाटलं, बरं झालं, तिला तरी मिळाला.

बुधवार, २२ मार्च

कॅमेऱ्यावर छज्जा बसला, खांबामागे चौथा कॅमेरा आला. तरी इल्सेने नवा नियम केलाय: ऊन खाली असताना पूल हातभर उचलायचा, आठ मोजायचे, मग पुढे. सगळ्यांनी आज एकत्र बसून करून बघायचं होतं. मीठपुलावर बोट आली तेव्हा खुर्चीत लूस होती. अपघातानंतर तिने त्या पुलाला हात लावला नव्हता. आम्ही पाच जण मागे उभे.

दिवे, घंटा, फाटकं. तिने चारही स्क्रीन पाहिले, एकेक करून, बोट लावून. पूल हातभर वर आला. थांबला. ती मोठ्याने मोजत होती. आठ झाले. तिने बटण दाबलं नाही.

खुर्ची वळवून तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. महिन्याभरात पहिल्यांदा. बोट भोंगा वाजवत होती.

"रूलोफ," ती म्हणाली, "तू इथे का थांबतोस?"

"कारण मला दिसत नाही," मी म्हणालो.

ती वळली आणि तिने पूल उचलला.